शंभरपर्यंत म्हणतो, पण पाच केळी देतो का?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. बालवर्गात पोरांना सोडायला येणारे आईबाप दाराशी घुटमळतात आणि विचारतात, "मॅडम, एवढ्याशा लेकराला गणित, विज्ञान, इतिहास कधीपासून शिकवायचं? आमचा तर शंभरपर्यंत म्हणतो!"

म्हणतो, ते पाठ झालंय म्हणून. मोजणं निराळं. आमच्या रावेर-यावलकडे केळीला तोटा नाही. एक फणी पुढ्यात ठेवा आणि म्हणा, "मला पाच केळी दे." शंभर म्हणणारी कितीतरी पोरं हाताला येतील तेवढी देऊन मोकळी होतात. कुणी एकच केळं दोनदा मोजतं. कुणी नीट पाचपर्यंत मोजतं, पण "मग किती झाली?" म्हटलं की पुन्हा एकपासून सुरू! एका केळ्याला एकच आकडा, आणि शेवटचा आकडा म्हणजे सगळी मिळून किती, एवढं उमगायला महिने जातात. गणित तिथे सुरू होतं.

आता पाच-पाच केळ्यांच्या दोन ओळी मांडा, एक दाटीवाटीनं, दुसरी ऐसपैस. चार वर्षांचं मूल बहुधा ऐसपैस ओळीत जास्त केळी आहेत म्हणेल. स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी असेच प्रयोग मुलांबरोबर केले होते. तिथे "चूक" म्हणू नका. समजावूनही फारसं काही होत नाही, असा माझा अनुभव आहे. साधारण सहा-सात वर्षांचं झालं की तेच पोर "सारखीच तर आहेत" म्हणून तुम्हालाच वेड्यात काढेल. तोवर ताटं मांडू द्या, माणशी एक वाटी ठेवू द्या. पाटी-पेन्सिलीची घाई मला तरी पटत नाही.

विज्ञानाला आपला उन्हाळा पुरेसा आहे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, नवी घागर घरात येते. ती बाहेरून ओली का, हे मूल आपणहून विचारतं. "तुला काय वाटतं?" एवढंच म्हणा. आमच्या वर्गातल्या एका पोरीनं सांगितलं, "तिला घाम येतो." मी ते खोडलं नाही. पाणी मातीतून झिरपतं, वाळताना घागरीतली उष्णता घेऊन जातं. त्वचेवरचा घामही हेच करतो. पोरीची अटकळ अगदीच वाऱ्यावरची नव्हती! शेजारी स्टीलचा हंडा भरून ठेवा, दुपारी दोन्हींतलं पाणी चाखू द्या. पावसाळ्यात हवा दमट झाली, की घागरीचं पाणी तितकं गार का लागत नाही, हा प्रश्न आपोआप येईल.

इतिहास मात्र या वयाला खरंच अवघड. चाळीसगावजवळच्या पाटणला १२०७ सालचा शिलालेख आहे. थोर गणिती भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ स्थापल्याचं त्यात लिहिलंय. मला त्याचं केवढं अप्रूप! पण चार वर्षांच्या पोराला आठशे वर्षं आणि गेली दिवाळी सारखीच लांब. त्याला आधी-नंतर कळतं ते माणसांवरून. पणजी जात्यावर दळायची, आजी डबा घेऊन चक्कीवर जायची, आई पिठाची पिशवी आणते. घरात जातं पडून असेल तर त्याला ओढून बघू द्या, हात भरून आले की पणजीबद्दल आपणहून विचारेल. शिवाजी महाराजांची गोष्ट तर जरूर सांगा. फक्त पाहुण्यांपुढे उभं करून सन विचारू नका.