शेलबर्न: राजाच्या माणसांचं गाव

कॅनडातल्या हॅलिफॅक्सहून शेलबर्न गाडीने दोन-सव्वादोन तास. ताईकडे आलोच आहे तर जाऊ म्हटलं. "तिथं बघायला काय आहे?" हा भावोजींचा प्रश्न रास्तच होता. बंदरालगत लाकडी घरं, १७८५ सालचं एक दुकान (आता संग्रहालय) आणि हाडात शिरणारं धुकं.

पण १७८४च्या सुमारास इथं दहाएक हजार माणसं होती. अमेरिकन क्रांतीत ज्यांनी इंग्रज राजाची बाजू धरली, त्यांतल्या अनेकांच्या जमिनी तिकडे जप्त झाल्या. १७८३ मध्ये न्यूयॉर्कहून जहाजं भरभरून ही मंडळी इकडे आली. कबूल झाली होती जमीन. पदरात पडला खडक आणि जंगल, तेही मोजणीच्या घोळात रखडत. काही वर्षांतच बहुतेकांनी गाव सोडलं. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं.

खरं तर मला जायचं होतं खाडीपलीकडच्या बर्चटाउनला. अमेरिकन मालकांकडून पळून इंग्रजांना मिळालेल्या गुलामांना स्वातंत्र्याचे दाखले मिळाले. त्यावर जनरल बर्चची सही, म्हणून गावालाही त्याचंच नाव. त्यांना जमीन उशिरा, थोडी आणि निकृष्ट मिळाली. कित्येकांना मिळालीच नाही. पोटासाठी कमी मजुरीवर राबले, तर जुलै १७८४ मध्ये काम नसलेल्या गोऱ्या सैनिकांनी त्यांचीच घरं पाडली. राजनिष्ठ दोघेही!

ते पहिला हिवाळा जशा खोपटांत राहिले, तसं एक तिथं उभारलंय. जमिनीत खड्डा, वर ओंडक्यांचं तिरकं छप्पर. वाकून आत गेलो तरी डोकं आपटलंच. आत ओल्या मातीचा वास. बॉस्टन किंग नावाच्या इथल्या सुताराने आपल्या आठवणींत लिहून ठेवलंय, की दुष्काळात बायकांचे चांगले झगे पाच पौंड पिठासाठी विकले गेले. पाच पौंड म्हणजे सव्वादोन किलो. ताईकडे पोळ्यांना चार दिवसांत लागतं तेवढं.

जानेवारी १७९२ मध्ये पंधरा जहाजांतून जवळजवळ बाराशे जण हॅलिफॅक्सहून आफ्रिकेला, सिएरा लिओनला निघाले, बॉस्टन किंगही. तिथं त्यांनी फ्रीटाउन वसवलं.

परतताना भावोजी बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "थंडीत त्या खड्ड्यात? इथं जानेवारीत मी गाडीपर्यंत जायला कुरकुरतो."