उदक

पहाटे गोव्यातल्या फोंड्याहून दिंडी निघाली तेव्हा पाऊस नव्हता. खांडेपारचा पूल येईपर्यंत असा लागला की मी छत्री मिटून पिशवीत टाकली. पदर, केस, पिशवीतलं गोपीचंदन, सगळंच भिजलं होतं. पुढे वीणेकरी, त्यांच्या मागे पखवाज, मग टाळकरी आणि डोक्यावर तुळशी घेतलेल्या बायका. त्या बायकांच्या मागे मी.

आमची वारी एका दिवसाची. गोव्यातून पंढरपूरपर्यंत पायी जाणाऱ्या दिंड्याही आहेत, पण माझ्या गुडघ्यांना तेवढा पल्ला झेपणार नाही. खांडेपार, उसगाव, म्हादईवरचा पूल, मग पाळीवरून सांखळी. तिथे वाळवंटी नदीच्या काठी, कारापूरच्या विठ्ठलापुरात राणे घराण्याच्या देवळातला विठोबा. आषाढीला पंढरपूर गाठता आलं नाही की इकडची माणसं त्याच्याकडे जातात. मी सदतीस-अडतीस वर्षं मुलांना वारीचा धडा शिकवला, वारीवर निबंध लिहून घेतले. स्वतः चालले ती निवृत्त झाल्यावर, गेल्या आषाढीला.

मी मराठीची शिक्षिका. 1986 साली नोकरीला लागले. तेव्हा गोव्यात मराठी की कोकणी या वादाने घराघरांत दोन तट पडले होते. 4 फेब्रुवारी 1987 रोजी राजभाषा कायदा झाला. देवनागरी कोकणी राजभाषा ठरली आणि मराठीलाही सरकारी वापरात जागा मिळाली, राजभाषेचा मान मात्र नाही. मी तेवीस वर्षांची होते. त्या दिवशी आमच्या शाळेतल्या बऱ्याच जणांच्या डोळ्यांत पाणी होतं, माझ्याही. घरी येऊन मी मनाशी ठरवलं, आजपासून तोंडातून मराठीखेरीज शब्द काढायचा नाही. शाळेत नाही, बाजारात नाही, घरीसुद्धा नाही. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मराठीसाठी तळमळीने झटणारी वडीलधारी माणसंसुद्धा घरी बायकामुलांशी कोकणीतच बोलत. मी मात्र माझ्यापुरती एक शपथ घेतली आणि हळूहळू ती शपथ म्हणजेच मी झाले. लोक म्हणायचे, 'बाईंची मराठी ऐकावी.' ते ऐकून मला बरं वाटायचं. ती मूर्ती मीच घडवली होती, तिची पूजाही मीच करत होते आणि तिच्यावर धूळ बसू नये म्हणून दिवसभर जपतही होते.

माझ्या आईला मराठी वाचता येई. पोथी, हरिपाठ, देवीच्या आरत्या, सगळं मराठीत. बोलायची मात्र कोकणी. मी तिला मराठीत उत्तरं द्यायचे आणि ती मला कोकणीत विचारायची. असं जवळजवळ तीस वर्षं चाललं. 2016 मध्ये ती आजारी होती तेव्हा मी संध्याकाळी शाळेतून थेट तिच्याकडे जायचे. पडल्या पडल्या ती रोज एकच विचारायची, "चेडवा, जेवलें?" आणि मी म्हणायचे, "हो आई, जेवले."

व्याकरण शिकवणारीला हा फरक चटकन कळतो. कोकणीत मुलगी नपुंसकलिंगी बोलते, 'हांव जेवलें'. मोठी झाली की तिची क्रियापदं बदलतात, पण आईच्या तोंडी ती कायम लहानच राहते. मराठीत बाई म्हणते, 'मी जेवले'. उच्चारात एका अनुस्वाराचा फरक. ती रोज मला लहान करून विचारायची आणि मी रोज तो अनुस्वार काढून तिला परत द्यायचे. ती गेली तेव्हा मी तिच्या कानाशी जे बोलले तेही मराठीतच. मराठीतून प्रेम पोचत नाही असं मी म्हणणार नाही. ती माझीही भाषा आहे, मी तिच्यावर जीव टाकते. पण आईसमोर मी मराठीचा पहाऱ्यासाठी वापर केला, हे मला चालता चालता कळत गेलं.

दिंडीत बोलतात कसं, ते मी त्या दिवशी कान देऊन ऐकलं. अभंग सुरू झाला की साठ-सत्तर तोंडांतून स्वच्छ मराठी. 'ळ' आणि 'ण' जागच्या जागी, एक मात्रा इकडची तिकडे नाही. अभंग संपला की लगेच, "रे, ताळ हांगा दी," "फुडें चल मगे," "उदक आसा काय कोणाकडेन?" पुन्हा पखवाजावर थाप पडली की मराठी. मधे कुठे उंबरठा नाही. भाषा बदलली हे कुणाच्या ध्यानातही येत नव्हतं, कारण त्यांच्या लेखी बदललेलं काहीच नव्हतं. देवाशी या शब्दांत बोलायचं, शेजाऱ्याशी त्या शब्दांत, आणि दोन्ही वेळा बोलणारा माणूस तोच.

पखवाज वाजवणारा माझा विद्यार्थी निघाला. मी ओळखलं नाही, त्याने ओळखलं. उसगावला दिंडी चहाला थांबली तेव्हा तो बाकीच्यांशी हसत, हातवारे करत कोकणीत काहीतरी रंगवून सांगत होता. मला पाहिलं आणि एकदम पाठ ताठ केली. "बाई, आपण दमलात का? आपणांस काही आणून देऊ का?" पन्नाशीला आलेला माणूस, पण फळ्यासमोर उभा केल्यासारखा. मग त्याच जपून निवडलेल्या मराठीत त्याने आपली हकिकत सांगितली. त्याचा खनिज वाहणारा ट्रक होता. 2012 मध्ये खाणी थांबल्या आणि वर्षभरात ट्रक विकावा लागला. "ट्रक गेल्यावर मी कोण, हेच कळेना, बाई. घरात बसून राहायचो. मग पखवाज शिकलो." आता तो दुचाक्या दुरुस्त करतो. बोलताना प्रत्येक वाक्याच्या शेवटी तो माझ्या चेहऱ्याकडे बघत होता, चुकलं तर नाही ना, म्हणून. मी जपलेल्या मूर्तीचा भार मीच तेवढा वाहते आहे असं मला वाटायचं. तो त्याच्याही खांद्यावर होता, इतक्या वर्षांनंतरही.

मग त्याने सहज विचारलं, "आठवतं का बाई? निबंधात मी 'उदक' लिहिलं होतं. आपण लाल शाईने खोडून 'पाणी' लिहिलंत."

मला आठवत नव्हतं. पण असं मी कितीतरी वह्यांत केलं आहे, हे मला ठाऊक आहे.

पुढचा रस्ता मी त्या एका शब्दाबरोबर चालले. म्हादईचा पूल ओलांडताना खाली नदी लाल-तपकिरी, दुथडी भरून वाहत होती. पाळीच्या बाजूला खाणींचे जुने मातीचे ढीग दिसतात. त्यांच्यावर आता हिरवं उगवलं आहे, तरी पावसात त्यांच्यातून लाल ओहोळ वाहतच असतात. तुकोबांचा एक अभंग आहे, त्याचा पहिलाच शब्द 'उदका'. पाण्याला नेलं तिकडे ते जातं, आणि एकाच वाफ्यात मोहरी, कांदा आणि ऊस वाढतात तरी प्रत्येकाचा रस वेगळा. हा अभंग मी वर्गात कितीदा समजावून सांगितला होता. त्यातलं उदक मला पवित्र वाटायचं आणि मुलाच्या वहीतलं उदक चूक. शब्द एकच होता.

फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज पाद्र्याचंही तसंच. 1616 मध्ये रायतूरला छापलेल्या त्याच्या ख्रिस्तपुराणातली मराठीची थोरवी मी दर वर्षी नव्या मुलांना ऐकवायचे, अभिमानाने ऊर भरून यायचा. त्याच माणसाने कोकणीचं व्याकरण लिहिलं आणि ते त्याच्या मृत्यूनंतर, 1640 मध्ये, तिथेच छापलं गेलं, हे मला माहीत होतं. मुलांना मात्र कधीच सांगितलं नाही. एका गोऱ्या पाद्र्याच्या मनात दोन्ही मावल्या आणि इथे जन्मलेल्या माझ्या मनात मावू नयेत, याचं त्या रस्त्यावर मला फार वाईट वाटलं.

सांखळी तीन-चार किलोमीटर राहिली असताना डाव्या पायाचा फोड फुटला. मी मागे पडत गेले. चालता येत नव्हतं, पण कुणी विचारलं की "ठीक आहे, चला तुम्ही" असंच म्हणत होते. हेही त्या मूर्तीचंच बोलणं. बाई थकत नाहीत, बाई चुकत नाहीत.

एक म्हाताऱ्या काकी माझ्यासाठी थांबल्या. ऐंशीच्या आसपासच्या, अनवाणी, डोक्यावरची तुळस आता सुनेकडे दिलेली. एका घराच्या पडवीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "थकलें मगे? वायच बस हांगा."

थकलें. साठी उलटलेल्या मला. तो अनुस्वार मी नऊ वर्षांनी ऐकला.

तोंडात 'नाही काकी, ठीक आहे' तयार होतं. ते आलं नाही. मी म्हटलं, "थकलें."

एवढंच. त्यांना त्यात काही विशेष वाटलं नाही, वाटण्यासारखं नव्हतंच. त्यांनी पिशवीतून पानात गुंडाळलेली उकडलेली कणगां काढली, एकादशीची. आयुष्यभर मी त्यांना रताळी म्हणत आले. "खा," म्हणाल्या. मी खाल्ली, गार झालेली, थोडी भिजलेली, गोड. आणि मला रडू आलं. काकींनी कारण विचारलं नाही. माझ्या पायाला त्यांनी आपल्या जुन्या लुगड्याची चिंधी बांधली आणि आम्ही दोघी सावकाश निघालो. विद्यार्थी पखवाज दुसऱ्याच्या गळ्यात देऊन मागे आला होता. त्याला मी विचारलं, "उदक आसा रे तुजेकडेन?" तो क्षणभर गोंधळला. मग त्याने बाटली पुढे केली, आणि त्याची पाठ जराशी सैल झालेली मला दिसली.

विठ्ठलापुरात दुपार टळून गेली होती. रांग मोठी. विठोबासमोर पोचले तेव्हा काय मागितलं ते आठवत नाही. हरिपाठ मराठीतच म्हटला, तो दुसऱ्या कशात म्हणवणारच नाही. मग वाळवंटीच्या पायऱ्यांवर पाय पाण्यात सोडून बसले आणि पोचल्याचं सांगायला भावाला फोन लावला. इतकी वर्षं तो माझ्याशी कोकणीत बोलतो आणि मी त्याला मराठीत उत्तर देते. आमच्या दोघांनाही त्याची सवय झालेली.

"पावलें रे हांव," मी म्हटलं.

पलीकडे एकदम शांत. मग घाबरलेल्या आवाजात, "कितें जालें तुका?"

"कांय ना रे. पांय दुखतात."

"राव थंयच," तो म्हणाला. "हांव येतां."