टाळू

फोंड्याच्या आमच्या घरी दोन महिन्यांच्या नातीचे न्हाणे सकाळी आठला सुरू होते आणि खोबरेलाची वाटी धरून उभे राहण्याचा मान माझ्याकडे असतो. न्हाऊ घालणाऱ्या मावशी कोमट तेल थापताना रोज बजावतात, "आजोबा, टाळू नीट भरायला हवी, तेलात काटकसर नको." बोटांखालची ती शंकरपाळ्याएवढी मऊ जागा नाडीच्या ठोक्याबरोबर हलताना मला अजूनही धसका भरतो.

तेलाने टाळू भरत नाही, हे मावशींना सांगण्याचे धाडस मी केलेले नाही. ती भरते हाडाच्या कडांनी, आणि ते काम पोटात असतानाच सुरू झालेले असते. कवटीचा तळ आधी कूर्चेचा घडतो आणि मग त्याचे हाड होते. कपाळाची आणि माथ्याची हाडे मात्र कूर्चेची पायरी गाळून, मेंदूवरच्या पातळ पडद्यातच, गर्भाच्या साधारण आठव्या आठवड्यात ठिपक्यांसारखी उगवतात आणि तेथून किरणांसारखी चहूकडे पसरत जातात. त्यांच्या कडा एकमेकींजवळ येतात, पण भिडत नाहीत. मध्ये शिवणी राहतात आणि शिवणी जिथे एकत्र येतात तिथे टाळू. याच सैलपणामुळे प्रसूतीच्या वेळी हाडे एकमेकांवर सरकतात आणि बाळाचे डोके वाट काढते. आमची नात जन्मली तेव्हा तिचे डोके शहाळ्यासारखे लांबट दिसत होते आणि मी उगाच घाबरलो होतो.

जन्मताना मेंदूचे वजन मोठ्या माणसाच्या मेंदूच्या जेमतेम पाव असते, तेव्हा कवटीने घाई करून चालणारच नाही. मागची छोटी टाळू दोन-तीन महिन्यांत मिटते, पुढची बहुधा दीड वर्षापर्यंत, आणि कपाळाचे दोन तुकडे साधारण पहिल्या वर्षातच एक होतात. माथ्यावरची मधली शिवण वेळेआधी सांधली, तर डोके रुंदीला अडून होडीसारखे लांब वाढते. शिवण मिटली की तिच्या आडव्या दिशेची वाढ थांबते, हे रुडॉल्फ फिर्शो या जर्मन वैद्याने 1851 मध्येच मांडले होते. उरलेल्या शिवणी मात्र तारुण्य ओलांडेपर्यंत निवांत असतात.

वाटीच्या तळाशी राहिलेले तेल मी माझ्या टकलाला चोळतो, तेव्हा मावशी हसू दाबत म्हणतात, "आजोबा, तिथे आता भरण्यासारखे काही उरलेले नाही."