चित्रं नसलेल्या गेममध्ये काय बघता?

लॅपटॉपच्या काळ्या पडद्यावर नुसती अक्षरं दिसली की भाचा असो की शेजारी, प्रश्न ठरलेला: "चित्रंच नाहीत, तर यात बघता काय?" तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो. मी कागद बघतो. चौकटीचा कागद, शेजारी पेन्सिल.

१९९० साली सोलापूरच्या नव्या पेठेत एका क्लासला बेसिक ही कॉम्प्युटरची भाषा शिकायला जायचो. एका पीसीवर आम्ही चौघं. सर चहाला गेले की फ्लॉपीतला 'अ‍ॅडव्हेंचर' हा गेम सुरू. 'गो नॉर्थ', 'टेक लॅम्प' असे दोन शब्द टाइप करायचे, मग पुढं काय झालं ते वाचायचं. विल क्राउदर या अमेरिकन प्रोग्रामरनं तो आपल्या मुलींसाठी लिहिला, १९७७ मध्ये डॉन वुड्सनं वाढवला. क्राउदर स्वतः गुहांमध्ये उतरणारा, केंटकीतल्या मॅमथ केव्हच्या नकाशांवर काम केलेला माणूस. म्हणून गेममधली गुहा बरीचशी खरीच. तिच्यातल्या एका जागेचं नाव 'बेडक्विल्ट', म्हणजे गोधडी! चादरींच्या गावातली आम्ही पोरं, हसून हसून पुरेवाट.

पुढं मात्र भूलभुलैया. जिकडं जावं तिकडं तेच वाक्य: वळणावळणाच्या बोळांचं जाळं, सगळे बोळ सारखेच. माझी पाळी तिथंच संपायची.

माझे वडील, अण्णा, कारखान्यात जेकार्डचे, म्हणजे कापडात नक्षी विणणाऱ्या मागाचे, पत्ते करायचे. नक्षी आधी चौकटीच्या कागदावर, मग त्याबरहुकूम पत्त्याला भोकं. भोक असेल तिथला ताणा (उभा धागा) उचलला जातो, नसेल तिथला खालीच राहतो. आडवा धागा नेणारा धोटा एकदा गेला की पुढचा पत्ता. (कॉम्प्युटरची पंच कार्डं याच घराण्यातली, हे मला फार उशिरा कळलं.) त्यांच्याच उरलेल्या कागदांवर मी गुहेचा नकाशा काढत होतो. एका रात्री त्यांनी तो उचलला, उलटासुलटा पाहिला. इंग्रजी त्यांना येत नव्हतं. मी अडचण सांगितली.

"सगळ्या खोल्या सारख्याच? मग खूण टाक की. हातात काय हाय तुझ्या?"

किल्ल्या, बाटली, पिंजरा, काठी. पुढच्या पाळीला एकेका खोलीत एकेक वस्तू टाकत गेलो. किल्ल्या पडल्या ती पहिली, बाटलीची दुसरी. पुन्हा बाटली दिसली की कळायचं, फिरून तिथंच आलो. आठवडाभरात जाळं कागदावर उतरलं. अनुभवी खेळाडू हीच युक्ती करतात, हे नंतर समजलं. अण्णांनी तर गेम पाहिलाही नव्हता.

पण नकाशा होईपर्यंत इतक्या चाली गेल्या की दिव्याची बॅटरीच संपली. पुढं मिट्ट काळोख, मग खड्ड्यात पडून मरण. घरी येऊन सांगितलं.

अण्णा कंदिलाची काच पुसत होते. म्हणाले, "तिकडंबी लाइट जाते व्हय?"