पुराच्या रेघेच्या वर

सांगलीच्या गावभागातल्या जुन्या घरात कामाला गेलो की माझी नजर आधी भिंतीवर जाते. सरांच्या घरात जिन्याशेजारी ऑइलपेंटने मारलेल्या पुराच्या पाण्याच्या तीन रेघा आहेत. २००५ आणि २०२१ च्या रेघा गुडघ्याच्या आसपास, २०१९ ची पार खांद्याला लागते. त्या वर्षी आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती.

सर आम्हाला भूगोल शिकवायचे. १९८१ पासून दर पावसाळ्यात ते रोज सकाळी पुलावर जाऊन पातळी बघतात आणि वहीत लिहितात. ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका, हे सांगलीत पोरासोरांना पाठ असतं. पण अमुक साली कोयनेतून पाणी सोडल्यावर इथे पाणी चढायला किती तास लागले, हे बघायचं तर सरांच्या वह्याच काढाव्या लागतात. २०१९ ला त्यातल्या दोन वह्यांचा लगदा झाला. उरलेल्या त्यांनी पानन् पान स्कॅन करून घेतल्या आणि मला बोलावलं.

"हे कुणालाही बघता आलं पाहिजे. पण भाड्याची जागा नको. यंत्र माझ्या घरात असू दे. जमेल काय तुला?"

एरवी माझं काम मार्केट यार्डातल्या हळदीच्या पेढ्यांवरचं. बिलिंगचे कॉम्प्युटर, प्रिंटर, कॅमेरे. घरचा वेब सर्व्हर, म्हणजे मागेल त्याला इंटरनेटवरून पानं दाखवणारं यंत्र, मी फक्त स्वतःसाठी केला होता. तरी "जमेल" म्हणालो. सरांना नाही म्हणणं मला अजूनही जमत नाही.

एका कार्यालयातून निघालेला छोटा डेस्कटॉप घेतला. जाडजूड पुस्तकाएवढा, ८ जीबी रॅम. त्यात नवी एसएसडी डिस्क टाकली, पंख्यातली धूळ काढली, प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट पुसून नवी लावली. रिकामा चालताना तो साधारण १० वॅट खातो, म्हणजे महिनाभर अखंड चालू ठेवला तरी ७-८ युनिट. काकूंचा पहिला प्रश्न विजेच्या बिलाचाच होता, तो तिथेच मिटला.

सरांनी सोप्यात टेबल मोकळं करून वर क्रोशाचं कापड घालून ठेवलं होतं. मी रेघेकडे बोट दाखवलं. सर काही बोलले नाहीत, टेबलाचं एक टोक धरलं आणि आम्ही दोघांनी ते माडीवर नेलं. नेटचा डबाही कमरेएवढ्या उंचीवर होता. जोडणी देणाऱ्या माणसाला बोलावून फायबरही वर घेतली.

पुढचं भराभर झालं. डेबियन ही ऑपरेटिंग सिस्टिम टाकली, तीही खिडक्या-चित्रांच्या पडद्याशिवाय, कारण या यंत्राला पुढे मॉनिटर लागणारच नव्हता. पानं पुरवणारा एन्जिनएक्स हा प्रोग्राम बसवला, एका वर्षाला एक पान अशी साधी पानं चढवली. राउटरमध्ये यंत्राचा घरातला पत्ता कायमचा बांधून टाकला, नाहीतर उद्या तो बदलतो आणि आपण भलतीकडे चूक शोधत बसतो. साडेअकराला सरांच्या मोबाइलवर १९८१ चं पान उघडलं.

बाहेरून दिसतं का ते बघायला मी त्यांच्या मोबाइलचं वाय-फाय बंद केलं आणि पुन्हा उघडायला सांगितलं. गोल फिरत राहिला.

तिथून तीन तास गेले. पोर्ट ८० आणि ४४३, म्हणजे वेबपानं मागायची ठरलेली दोन दारं, राउटरमधून यंत्राकडे वळवले होते, ते पुसून पुन्हा वळवले. फायरवॉल बंद करून पाहिली. साइटची ओळख पटवणारं लेट्स एन्क्रिप्टचं फुकट प्रमाणपत्र मागितलं, तर बाहेरून तुमच्यापर्यंत पोचताच येत नाही असं उत्तर. खरं तर त्याच क्षणी माझ्या लक्षात यायला हवं होतं. काकूंनी दोनदा जेवायला हाक मारली.

शेवटी राउटरच्या पानावर बाहेरच्या बाजूचा इंटरनेट पत्ता, म्हणजे आयपीचा आकडा, वाचला. १०० ने सुरू होणारा, पुढे ७९. इंटरनेटवर मात्र आमचा पत्ता निराळाच दिसत होता. सरांना सांगितलं, "आपल्या वाड्याचा पत्ता एक आणि बिऱ्हाडं शंभर. पत्र दिंडीदरवाजापर्यंत येतंय, पण कुठल्या खोलीत द्यायचं ते तिथल्या माणसाला ठाऊकच नाही." इंटरनेटवरचे जुन्या पद्धतीचे पत्ते जेमतेम ४३० कोटी. ते पुरेनात म्हणून २०१२ मध्ये १००.६४ ते १००.१२७ हा पट्टा याच कामासाठी राखून ठेवला. अनेक ग्राहक एका पत्त्यामागे. घरातून बाहेर जायला काही अडत नाही, बाहेरून आत यायला मात्र वाट नाही. माझ्या राउटरमध्ये मी कितीही खिडक्या उघडल्या असत्या तरी अडसर पुढच्या दारालाच होता.

सर म्हणाले, "मग दारवाल्याला सांग की."

नेट कंपनीला सांगितलं. जादा पैसे भरून स्वतंत्र स्थिर पत्ता मिळाला, पावणेचारला. राउटर बंद-चालू केला, डोमेनवर, म्हणजे साइटच्या नावावर, नवा आकडा चढवला, प्रमाणपत्र पहिल्या झटक्यात आलं. सरांनी नागपूरला लेकीला फोन लावला. स्पीकरवर तिचा आवाज आला, "उघडलं, बाबा." मग बराच वेळ काहीच नाही. मला वाटलं पुन्हा अडकलं.

"बाबा, २००५ च्या पानावर माझं अक्षर आहे."

त्या जुलैत सर तापाने पडून होते. पातळी बघायला लेक जायची आणि तीच लिहायची. सर उठून खिडकीपाशी गेले. मी उगीचच सर्व्हरवर कोण काय मागतं त्या नोंदींची फाइल उघडून बसलो.

त्या फाइलीत तासाभरातच अनोळखी हाका येऊन पडल्या होत्या, आपल्याकडे नसलेल्या लॉगिनच्या पानांसाठी. सरांनी विचारलं, "ही कोण माणसं?" माणसं नव्हेत. एकामागून एक सगळे पत्ते ठोठावत जाणारे प्रोग्राम. वेगवान जोडणी असेल तर ४३० कोटी दारं तासाच्या आत फिरून होतात. म्हणून बाहेरच्या बाजूला दोनच पोर्ट उघडे ठेवले. देखभालीची वाट फक्त घरातून, तीही पासवर्डने नाही, किल्लीच्या फाइलने. सुरक्षेचे अपडेट आपोआप.

एक गोष्ट मात्र सरांना तोंडावर सांगितली. हा सर्व्हर म्हणजे वह्यांची सुरक्षित प्रत नव्हे. डिस्क कधीही जाते आणि नदी इथून हाकेवर आहे. त्यामुळे रोज रात्री २ वाजता नवी पानं नागपूरच्या डिस्कवर जातील अशी सोय केली.

निघण्याआधी बायॉसमध्ये, म्हणजे यंत्राच्या मूळ सेटिंगमध्ये, वीज आल्यावर आपोआप चालू हो, हे लावलं आणि सरांच्या हातून प्लग ओढवला. परत लावल्यावर त्यांनी घड्याळ धरलं. ५० सेकंदांत १९८१ चं पान आलं.

सरांनी खडूने लिहावं तशा मोठ्या अक्षरात चिठ्ठी लिहून प्लगवर चिकटवली. "ही वायर काढू नये. दिवाळीच्या साफसफाईतही नाही." काकूंनी ती वाचली आणि पुन्हा जेवायला हाक मारली.