अक्षरं गेली, चांदण्या राहिल्या

कमोडोर ६४ हा जुना घरगुती संगणक दुरुस्तीला आला आणि पडदा काळाकुट्ट असला की पहिला संशय पीएलएवर, म्हणजे प्रोसेसरला कधी कुठली मेमरी दिसेल हे ठरवणाऱ्या चिपवर, घ्यायचा, ही आमची जुनी खोड. बहुतेक वेळा संशय खराही निघतो. या वेळी पीएलए बदलला, पॉवर सप्लायचे ५ व्होल्ट मोजले, तरी पडदा ढिम्म. सहकारी म्हणाला, "रॅमच असणार. काढायला घेऊ?" जुन्या बोर्डावर रॅमच्या आठ चिप, सगळ्या सोल्डर केलेल्या. म्हटलं, "थांब रे, रॉम सॉकेटमध्ये आहेत. आधी ते वाचून बघू, पाच मिनिटांचं काम."

पाच मिनिटांचं ते अर्थातच नव्हतं. रॉम म्हणजे कारखान्यातच कोड कायमचा भरलेल्या चिप. यातले बेसिक (प्रोग्रॅमिंगची भाषा) आणि कर्नल (मशीन चालवणारा मूळ कोड) हे दोन रॉम २३६४ जातीचे: ८ किलोबाइट, २४ पाय. आमच्या स्वस्तातल्या प्रोग्रॅमरच्या (चिप वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या यंत्राच्या) यादीत ही चिपच नाही. त्याला ८ किलोबाइटची २७६४ कळते, पण तिला २८ पाय. दोघींची मांडणी मात्र इतकी जवळची की तीन तारांत भागतं. २३६४चा १८वा पाय ए११ (पत्त्याच्या पायांपैकी एक), तो प्रोग्रॅमरच्या २३व्या भोकात. २१वा ए१२, तो २ऱ्या भोकात. आणि २४व्या पायाला २८व्या भोकातून वीज. बाकीचे पाय खालच्या बाजूने सरळ जुळतात. ब्रेडबोर्ड आणि जंपर वायर पुरतात.

एक गोष्ट मात्र आधी करायची: चिपचा आयडी तपासण्याचा पर्याय बंद. आयडी विचारताना प्रोग्रॅमर ए९ या पायावर सुमारे १२ व्होल्ट देतो. अशा कारखान्यात भरलेल्या मास्क रॉमकडे सांगायला आयडी नसतोच, आणि ५ व्होल्टवर आयुष्य काढलेल्या म्हाताऱ्या चिपला तो दणका कशाला द्यायचा?

बेसिकचा रॉम आधी वाचला. सुरुवातीलाच 'सीबीएमबेसिक' ही अक्षरं दिसली, सीआरसी (फाइल बरोबर आहे का ते सांगणारा पडताळणीचा आकडा) एफ८३३डी११७ आला. चोख. म्हणजे तारा बरोबर, अ‍ॅडॅप्टर बरोबर. मग कर्नल लावला. पुन्हा पुन्हा वाचला तरी तीच फाइल येत होती, पण सीआरसी कुठल्याच आवृत्तीशी जुळेना. दर वेळी वेगळं वाचन आलं असतं तर पाय गंजलेत म्हणून सोडून दिलं असतं. दर वेळी तंतोतंत तीच चूक येते, तेव्हा ती चूक काहीतरी सांगत असते.

फाइल हेक्समध्ये (सोळाच्या पटीतल्या आकड्यांत) उघडून ०४७३ या जागेच्या आसपास गेलो. मशीन सुरू झाल्यावर पडद्यावर येणारी ओळ तिथे असते: चार चांदण्या (*), कमोडोर ६४ बेसिक व्ही२, पुन्हा चार चांदण्या. बाइट अक्षरांत दाखवणाऱ्या उजवीकडच्या रकान्यात चांदण्या होत्या, ६४ होतं, शेवटचा २ होता. अक्षरांच्या जागी नुसते ठिपके! अख्खं 'कमोडोर' गायब. सहकारी स्क्रीनजवळ वाकून म्हणाला, "आकडे शाबूत आणि अक्षरंच कशी गेली?"

उत्तर अक्षरांच्या कोडतक्त्यात आहे, कोड हेक्समधले. चांदणी २ए, आकडे ३० ते ३९. यांच्यात बिट ६ (मोजणी शून्यापासून) मुळातच शून्य असतो. मोठी अक्षरं ४१पासून सुरू होतात, त्यांच्यात तो एक असतो. हा बिट सगळीकडे शून्यच येत असेल तर हुबेहूब असंच दिसणार. हा बिट बाहेर येतो तो पाय डी६, म्हणजे १६वा. तो घासूनपुसून पुन्हा वाचलं, तेच.

फाइलच्या शेवटी तर गंमतच होती. तिथे एरवी ५२ ५२ ४२ ५९ हे चार बाइट असतात, आरआरबीवाय, म्हणजे कमोडोरच्या रॉबर्ट रसेल आणि बॉब यॅनेस यांची आद्याक्षरं. आमच्याकडे १२ १२ ०२ १९. त्यापुढे रीसेटचा पत्ता: ई२ एफसीऐवजी ए२ बीसी (पत्त्याचा मागचा बाइट आधी लिहितात). प्रोसेसर जागा झाल्यावर एफसीई२ला जायला हवा. मशीनमध्येही हा बिट शून्यच येत असेल तर तो जाणार बीसीए२ला, म्हणजे थेट बेसिक रॉमच्या शेवटाकडे. पडदा उजळवणारा कोड चालायचाच नाही.

खात्रीसाठी इम्युलेटरमधली (कमोडोरची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरमधली) कर्नलच्या ९०१२२७-०३ आवृत्तीची फाइल घेतली, प्रत्येक बाइटमधला बिट ६ पुसला आणि आमच्या फाइलशी ताडून पाहिली. ८१९२ बाइट, एकाचाही फरक नाही. चिपवर छापलेला नंबरही तोच. बाकीचे सात बिट ठणठणीत, बिट ६ तेवढा मेलेला. सदोष वाचन लोक फेकून देतात, मला ते चांगल्या वाचनापेक्षा जास्त कामाचं वाटतं.

२७सी६४ एप्रॉमवर (लिहिता येणाऱ्या चिपवर) चांगली फाइल चढवली, उलटा अ‍ॅडॅप्टर सोल्डर करून सॉकेटमध्ये बसवला. निळा पडदा आला, ३८९११ बाइट मोकळे. रॅमच्या आठही चिप जागच्या जागी राहिल्या. कीबोर्डच्या काही कळा मात्र दाबूनही उमटत नव्हत्या. ते दुसऱ्या दिवसावर टाकलं.