सपाट रेघ

रातांधळेपणासाठी आमच्याकडे येणाऱ्या फाइलींवर बहुतेक वेळा एकच शंका लिहिलेली असते: आरपी, म्हणजे रेटिनायटिस पिगमेंटोझा, डोळ्याच्या पडद्यातल्या पेशी हळूहळू मरत जाण्याचा आजार. मावशींच्या फाइलवरही तेच होतं. पन्नाशी ओलांडलेल्या कोळीण, पहाटे माल घ्यायला ससून डॉकवर जाणाऱ्या. धक्क्यावर ठेचकाळून पडल्या, मनगट मोडलं, तेव्हा डोळ्यांकडे लक्ष गेलं. कुठल्याशा दवाखान्यात सांगून टाकलं होतं की हा आजार घराण्यातून येतो, इलाज नाही. सोबत लग्नाची मुलगी होती आणि दोघींत जास्त घाबरलेली तीच होती.

"बाय, दिवसा मना सगला दिसतं. कालोख झाला का काय पन नाय," मावशी म्हणाल्या.

मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, ईआरजी काढते. डोळ्यावर प्रकाशाचा झोत टाकायचा आणि डोळ्याच्या पडद्यातून उठणारी विजेची लहर मोजायची, ती ही तपासणी. त्याआधी पेशंटला निदान वीस मिनिटं गडद अंधारात बसवावं लागतं. मुंबईत खरा अंधार करणं हेच मोठं काम आहे. दाराच्या फटीला काळं कापड, एसीच्या इवल्याशा हिरव्या दिव्यावर चिकटपट्टी, मोबाइल बाहेर. बाहुल्या मोठ्या करायचे थेंब घालून मी मावशींना आत बसवलं.

मुलीने विचारलं, अंधारात कशाला? मला हा प्रश्न मनापासून आवडतो. आपल्या प्रत्येक डोळ्याच्या पडद्यात सुमारे 12 कोटी दंडपेशी असतात, अंधुक उजेडात बघणाऱ्या. दिवसाच्या नजरेच्या शंकूपेशी जेमतेम 60 लाख. दंडपेशींचं वागणं उलटं असतं. अंधारात त्या स्वस्थ नसतात, चालू असतात: त्यांच्यातून सतत विद्युतप्रवाह वाहतो आणि पुढच्या पेशीकडे ग्लुटामेट हे रसायन सारखं झिरपत राहतं. प्रकाश पडला की ऱ्होडॉप्सिनमधला, म्हणजे दंडपेशीतल्या प्रकाश टिपणाऱ्या रंगद्रव्यातला, रेटिनल हा रेणू वाकडा असतो तो सरळ होतो, त्यातून विक्रियांची साखळी सुटते, प्रवाहाच्या वाटा उघड्या ठेवणारं सीजीएमपी हे रसायन घटतं आणि त्या वाटा बंद होतात. अंधारात उणे 40 मिलिव्होल्टच्या आसपास असलेली पेशी उणे 70 कडे सरकते आणि ग्लुटामेट थांबतं. म्हणजे मेंदूला प्रकाशाची खबर लागते ती एक पेशी गप्प झाल्यामुळे! 1979 मध्ये बेलर, लँब आणि याउ यांनी भेकाच्या एकेका दंडपेशीचा प्रवाह मोजून दाखवला, तर प्रकाशाच्या एका कणानेही तो खाली येताना दिसला. भर उजेडात मात्र ऱ्होडॉप्सिन खर्ची पडतं आणि ते पुन्हा भरून यायला वेळ लागतो. म्हणून ही बैठक.

अंधारात माणसं मोकळी बोलतात. दर कसे वाढले, पापलेट कसं मिळेनासं झालं, हे सांगता सांगता मावशी म्हणाल्या, "आतड्याचं ऑपरेशन झाल्यापासून मासळी पचत नाय." कसलं ऑपरेशन? आतड्याचा टीबी झाला होता, लहान आतड्याचा शेवटचा बराच भाग काढला होता. फाइलमध्ये याचा एक शब्द नव्हता. डोळ्यांच्या दवाखान्यात पोटाचं कोण विचारतो?

मंद लाल दिवा लावला. दंडपेशींना सर्वाधिक जाणवतो तो 500 नॅनोमीटरच्या आसपासचा निळसर हिरवा प्रकाश, लाल जवळजवळ कळतच नाही. त्यामुळे त्या उजेडात काम करता येतं. केसाहून बारीक धाग्याचा इलेक्ट्रोड खालच्या पापणीच्या कडेला बसवला, हनुवटी टेकवून घेतली आणि सर्वांत मंद झोत टाकला. या झोताला फक्त दंडपेशी उत्तर देतात.

रेघ सपाट. पुन्हा झोत, पुन्हा सपाट. मग खोलीत उजेड करून शंकूपेशींची तपासणी केली, तर लहरी थोड्या बुटक्या, पण आकार सुरेख.

सपाट रेघ पाहून दंडपेशी मेल्या असं म्हणायचा मोह होतो. पण मेलेली पेशी आणि रेटिनल संपलेली पेशी, दोघींची रेघ सारखीच येते. रेटिनल बनतं अ जीवनसत्त्वापासून, ते विरघळतं चरबीत आणि चरबी पचायला पित्तक्षार लागतात. हे क्षार परत शोषून घेणारा आतड्याचा भाग तर मावशींच्या पोटातून गेलेला. मासे रोज ताटात असूनही अंगी लागत नव्हते. मी त्यांना एवढंच म्हटलं, "मावशी, होडी ठीक असेल, जाळंच नसेल. रक्त तपासू." डॉक्टरांना लगेच फोन करून ऑपरेशनचं सांगितलं.

पडद्यावर आरपीचे काळे डाग नव्हतेच. रक्तात अ जीवनसत्त्व अगदी तळाला गेलेलं निघालं. गोळ्या शोषल्या जाणार नाहीत म्हणून डॉक्टरांनी इंजेक्शनं सुरू केली. मुलीला स्पष्ट सांगितलं, हे घराण्यातलं नाही, तुझ्या लग्नाशी याचा काही संबंध नाही. ती जिन्यातच रडली.

काही आठवड्यांनी त्याच खोलीत, त्याच मंद झोताला लहर उठली: आधी बारीकशी, मग सरासरी काढल्यावर ठळक, आमच्या नॉर्मलच्या खालच्या हद्दीत बसणारी. मी ती मावशींना बोटाने दाखवली. त्यांना इंजेक्शनं आणि रक्ताची तपासणी आता कायमची धरावी लागणार आहे, हेही त्याच दिवशी पुन्हा बजावलं. आमच्या फॉर्मवर घराण्यातल्या आजारांच्या वर आता एक नवी ओळ छापली आहे: पोटाचं, आतड्याचं किंवा वजन कमी करण्याचं ऑपरेशन झालंय का?